बंदर, पत्तन, वेळाकूळ की मांडवी? काल्पनिक शहरासाठी शब्द हवा आहे

प्रश्न (बाबाजीपुरा, बडोदा; उत्तरं देणाऱ्यांच्याही नावाऐवजी त्यांचा शहरातला भाग दिला आहे)

गणेशोत्सवासाठी मंडळातल्या मुलांचं नाटक लिहितेय. गोष्ट एका काल्पनिक शहराची. खाडीच्या तोंडाशी वसलं, जहाजांवर गब्बर झालं, मग नदीनं गाळ आणला आणि समुद्र दूर सरकला. शहराचं नाव तूर्त 'रत्नपत्तन' ठेवलंय. पहिल्याच वाचनाला एकानं विचारलं, "म्हणजे पाटणच ना? तिथे कुठे दरिया आहे?" दुसऱ्यानं माझी 'गलबतं' खोडून 'वहाणं' केली, कारण शाळेत गुजरातीत तेच शिकतो. मग सूत्रधार म्हणाला, "शंभर वहाणं काठाला लागली," आणि मागे बसलेल्या आज्या हसून लोटपोट. त्यांच्या डोळ्यांसमोर देवळाबाहेरचा चपलांचा ढीग.

तर पत्तन आणि बंदर यांत नेमका फरक काय? आणि अशा शहरातली माणसं आपापसात कोणते शब्द बोलतील?

दांडिया बाजार

पोराची शंका रास्त आहे. पत्तन, पट्टण, पाटण म्हणजे मोठं व्यापारी शहर. पाणी असलंच पाहिजे असं नाही. अणहिलवाड पाटण गुजरातच्या सोळंकी राजांची राजधानी, समुद्रापासून चांगलंच आत. उलट प्रभास पाटण ऐन समुद्रावर, आणि विशाखापट्टणमबद्दल तर बोलायलाच नको. कौटिल्यानं अर्थशास्त्रात नावध्यक्षाच्या, म्हणजे जहाजांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात 'पण्यपत्तन' आणि 'पत्तनाध्यक्ष' असे शब्द वापरलेत, म्हणजे जहाजं लागायचं ठिकाण हा अर्थही जुनाच. आज दिल्लीच्या सरकारी हिंदीत बंदराला पत्तनच म्हणतात. पण तो पाटीवरचा शब्द. धक्क्यावर गोणी उतरवणारा माणूस "मी पत्तनावर जातो" म्हणाला तर प्रेक्षक उठून जातील. 'रत्न' तर आधी काढा. ते सोनाराच्या दुकानाचं नाव वाटतं.

'बंदर' फारसीतून आला आणि पश्चिम किनाऱ्यावर कायमचा राहिला. हिंदीतल्या माकडाशी त्याचा काही संबंध नाही, ते वानरावरून आलं. बंदराच्या अधिकाऱ्याला शहाबंदर म्हणत. पंधराव्या शतकात मलाक्क्याला, म्हणजे आजच्या मलेशियातल्या बंदरात, चार शहाबंदर होते आणि त्यांतला एक फक्त गुजरातेतून येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी. एका भाषेच्या व्यापाऱ्यांसाठी वेगळा अधिकारी नेमावा लागतो, यावरून त्या शहराच्या गर्दीची कल्पना येते. तुमच्या नाटकात असा एक शहाबंदर हवाच. पगडी मोठी द्या.

कारेलीबाग

माझं माहेर रत्नागिरी, म्हणून राहवत नाही. ताई, शहराच्या नावाआधी त्याची भरती-ओहोटी ठरवा. बाकीचे शब्द तिच्यामागून येतात. अमावास्या-पौर्णिमेला येतं ते उधाण. मधल्या दिवसांत पाणी फार चढत नाही नि फार उतरतही नाही, तो भांग. खंभातच्या आखातात उधाणाला पाण्याच्या पातळीतला फरक दहा मीटरच्या वर जातो. तिथल्या शहरात कोणी "उद्या सकाळी भेटू" म्हणणार नाही, "पाणी चढलं की भेटू" म्हणेल.

बोटीवर हुकूम तांडेलाचा. मालक तो नाखवा. इथल्या खारव्यांकडे, म्हणजे दर्यावर्दी लोकांकडे, तांडेलाचा टंडेल होतो, माणूस तोच. आणि कृपा करून जहाज 'लांगरू' नका! इथं आल्यापासून बघतेय, चांगली शिकलेली मराठी माणसंही गुजरातीच्या नादानं "जहाज लांगरलं" म्हणतात. मराठीत गलबत नांगरतात. शेतातल्या नांगराचा आणि पाण्यातल्या नांगराचा उच्चार एकच. मुलांना यावर एखादा विनोदही करता येईल.

वाडी

बडोद्याच्या मंडळाचं नाटक आहे ना? आपल्याकडे विश्वामित्री आणि तिच्यातल्या मगरी. बंदर कशाला हवंय? एखाद्या बाजारपेठेची गोष्ट घ्या की.

दांडिया बाजार

असं कसं? ओखामंडळ, बिलीमोरा, कोडिनार हे सगळं गायकवाडीतच होतं. ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९२६ साली सुरू झालं. राजधानीला समुद्र नव्हता, राज्याला होता.

रावपुरा

सगळे समुद्राकडे बघतायत आणि शब्द आपण रोज ओलांडतो त्या चौकात उभा आहे. मांडवी!

लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडून येणारे रस्ते जिथे मिळतात, तिथे चारी बाजूंना तीन-तीन कमानींचा तो चौकोनी मंडप. आता त्याच्याभोवती रिक्षा, हातगाड्या, हॉर्न. खाली उभं राहून वर बघायला गेलात तर मागून कोणीतरी ढकलतोच. बहुतेक जण 'मंडप, म्हणून मांडवी' एवढं सांगून थांबतात. ते खरं आहे, पण अर्धं. संस्कृतात 'मंडपिका' म्हणजे लहान मंडप आणि सोळंकीकाळच्या लेखांत मंडपिका म्हणजे जकातीचं ठाणं. मालाची गाडी थांबवायची, गोणी मोजायची, कर घ्यायचा, हे सगळं मांडवाखाली. पुढे मांडव विसरला गेला आणि मांडवी म्हणजेच जकातघर झालं. कच्छचं मांडवी बंदर, मुंबईत गोदीला लागून असलेली मांडवी, दोन्हींकडे हाच अर्थ चपखल बसतो. रत्नागिरीच्या ताईंच्या माहेरीही मांडवी आहेच.

आता गंमत बघा. 'लेखपद्धती' नावाचा जुन्या गुजरातेतल्या कागदपत्रांच्या नमुन्यांचा संस्कृत ग्रंथ १९२५ साली आपल्याच गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापला गेला. त्यात राज्याच्या खात्यांची यादी येते. तिच्यात मंडपिकाकरण आहे आणि वेलाकुलकरणही आहे. एक खातं जकातीचं, दुसरं बंदराचं. म्हणजे माल उतरतो ती जागा निराळी आणि पैसे मोजतात ती निराळी, हे त्या कारभाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

वेलाकूल, म्हणजेच वेळाकूळ, हा बंदरासाठी जुना, सुंदर शब्द. वेला म्हणजे भरतीचं पाणी किंवा किनारा. वेरावळ हे नाव त्यावरूनच आल्याचं मानतात. तिथल्या १२६४ च्या संस्कृत शिलालेखात होर्मुझहून आलेल्या एका जहाजमालकानं मशीद बांधल्याची नोंद आहे आणि त्याच्या नावाआधी 'नाखू' लावलंय. फारसी नाखुदाचं, म्हणजे जहाजाच्या धन्याचं, ते रूप. ताईंचा नाखवा त्याच घरातला.

माझ्या मते तुमच्या गोष्टीचा जीव इथे आहे. गाळ साचला की पहिलं मरतं ते वेळाकूळ. मांडवी मरत नाही. जहाजं थांबली तरी बैलगाड्या येतात, अधिकारी बसलेला असतो, पावत्या फाटत राहतात. समुद्र निघून गेलेल्या शहरात जकातघर तेवढं चालू, आणि शहाबंदर हुद्दा सोडायला तयार नाही. नाव 'खारमांडवी' ठेवा. ऐकताक्षणी मिठाचा वास येतो आणि पोरांना उच्चारायलाही सोपं.

कारेलीबाग

नाव आवडलं. पण गाळाआधीचा सुगीचा काळही दाखवा. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक मार्गदर्शिकेत भरुचचं वर्णन आहे. नर्मदेचं तोंड इतकं अवघड, की राजाचे कोळी लांब होड्या घेऊन परक्या जहाजांना सामोरे जात आणि त्यांना ओढून आत आणत. भरतीबरोबर पुढे जायचं, ओहोटी लागली की ठरलेल्या डोहात नांगरून थांबायचं, पुन्हा पाणी आलं की निघायचं. रंगमंचावर हे मस्त होईल. दोर धरलेली पोरं, आणि कोणी "ओहोटी!" ओरडलं की सगळी आहेत तिथे थिजली.

प्रश्नकर्ती, बाबाजीपुरा

खारमांडवी पक्कं. सूत्रधार गलबतं म्हणेल, गुजराती व्यापारी वहाणं म्हणेल आणि आज्यांना हसायला एक वाक्य मुद्दाम ठेवणार आहे. शहाबंदराचं काम करायला तिघं भांडतायत.

आता नवी अडचण. खलनायक चोरून माल उतरवतो. मराठीत 'तस्कर' लिहिलं तर मुलं म्हणतात, दाणचोर म्हणा, गुजराती छापात, म्हणजे वर्तमानपत्रात, तेच येतं. आज्या म्हणणार, दाणे चोरतो तर एवढा गाजावाजा कशाला?

रावपुरा

दाणचोरच ठेवा. दाण म्हणजे जकात, दाणी म्हणजे ती घेणारा. गोपींकडून कृष्ण मागतो ते दाणही हेच. दाणलीला आज्यांना पाठ असेल, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. मांडवीचा अधिकारी दाणी, त्याला चुकवणारा दाणचोर. फक्त त्याच्या गोणीत शेंगदाणे ठेवू नका.

वाडी

ठेवा, ठेवा. दाण चुकवून दाणेच पळवतोय म्हटलं की अख्खा मांडव हसेल. आणि शहाबंदराला माझा नातू द्या, पगडी घरचीच आहे.