अंदमानातली चितळं कमी करायला हवीत का?

येऊरकर:
दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जाऊन आलो. पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटावर (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) उतरलो आणि थोडं पुढे गेल्यावर चितळांचा कळपच समोर आला. मुलगी हरखली. एका मादीनं तिच्या तळहातावरचं खोबरं चाटूनपुसून खाल्लं. जीभ पॉलिश पेपरसारखी लागते म्हणाली.

मी मात्र खालची जमीन बघत राहिलो. झाडं मोठी, पण त्यांच्या बुडाशी एक रोप नाही. अंगण झाडून काढावं तशी माती. चितळाची मान पोचेल तिथवरची पानं सगळीकडे सारख्या उंचीवर संपलेली. एक नर मागच्या पायांवर उभा राहून वरची डहाळी ओढत होता.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात वीस वर्षं जातोय. तिथलं चितळ दिसतं ते बहुतेक पाठमोरं. पान वाजलं की कान टवकारतात, भेकर भुंकलं की कळप जागच्या जागी थबकतो, कारण मागे बिबट्या असू शकतो. अंदमानात वाघ, बिबट्या, रानकुत्री यातलं काहीच नाही. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीसाठी चितळं तिथे नेली. पुढे इंग्रज गेले, चितळं राहिली आणि पोहत पोहत आणखी बेटांवर पोचली. ती आणि लाकूड कंपनीनं मागे सोडलेले हत्ती जिथे आहेत, तिथे जंगलाचा खालचा थर विरळ होतो आणि त्यातले सरडे कमी होतात, असं अभ्यासकांना आढळलंय. यातल्या काही जाती अंदमानाबाहेर कुठेच नाहीत.

चितळं मुळात तिथली नाहीत. माझ्या मते त्यांची संख्या कमी केलीच पाहिजे, लहान बेटांवरून तर पूर्ण काढली पाहिजेत. मारून सुद्धा. तुम्हाला काय वाटतं?

वर्षा_ऐरोली:
ठाम विरोध. 'मुळात तिथली नाहीत' हे तर टोचलंच. माझे वडील साताऱ्याहून मुंबईत माथाडी म्हणून आले. मुंबईतला घाऊक बाजार वाशीला हलला तसे आम्ही खाडी ओलांडून इकडे आलो. आम्ही तरी मुळात इथले कुठे होतो? त्या चितळांच्या कितीतरी पिढ्या त्याच बेटांवर जन्मल्या आणि तिथेच मेल्या. त्यांना ताडोबा ठाऊक नाही. अंदमानातली जंगलं माणसानं तोडली, मधून हमरस्ता नेला, आणि गोळी पाडसाला घालायची? आधी आपल्या चुका निस्तरू या.

घाणेरी_उपटा:
वर्षाताई, तुमच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. माणूस कुठेही गेला तरी माणसांतच जातो. इथे प्रश्न एका प्राण्यानं दुसऱ्याचं घर खाऊन टाकण्याचा आहे.

आम्ही काही जण रविवारी खारघरच्या डोंगरावर घाणेरी, म्हणजे बाहेरून आलेलं लँटानाचं झुडूप, काढतो. नुसती कापली तर पहिल्या पावसात दुप्पट फुटते. गड्ड्याखाली कुदळ घालून, मूळ तोडून, झुडूप उलटं करून ठेवावं लागतं. हात सोलवटतात. या कामाला आजवर कुणी क्रूर म्हटलं नाही. चितळाचे डोळे बघून आपण विरघळतो, पण सरड्याची बाजू घ्यायलाही कुणीतरी हवं ना?

आणि काही न करता थांबलं की काय होतं ते हवाईत बघा. १८६८ साली हाँगकाँगहून तिथल्या राजाला भेट म्हणून चितळं आली, आपलीच ही जात. पुढे शिकारीसाठी माउई बेटावरही सोडली. आज ती कुरणं आणि पिकं फस्त करतात, उघडी पडलेली माती पावसाबरोबर समुद्रात जाते आणि प्रवाळावर बसते.

कोलशेतकर:
मारून प्रश्न सुटतो हे गृहीत कशाला धरायचं? बहीण इंग्लंडात असते. तिथे वोबर्नच्या बागेत आणलेलं चिनी मुंटजॅक, म्हणजे आपल्या भेकराचं भावंड, आता तिच्या परसातले गुलाब खातं. शिकार चालूच आहे, पसरणंही चालूच आहे. न्यूझीलंडनं १९३० मध्ये हरणांचं कायदेशीर संरक्षण काढलं, सरकारी शिकारी नेमले, पुढे हेलिकॉप्टरमधून गोळ्या घातल्या. हरणं आजही आहेत. मग एवढा रक्तपात कशासाठी?

येऊरकर:
कोलशेतकर, ते देश मोठे आहेत. हरणं एका खोऱ्यातून हटवली की शेजारच्या खोऱ्यातून परत येतात. लहान बेटाला चारी बाजूंनी पाणी असतं, तिथे काम पुरं होऊ शकतं. पोहून येणाऱ्यांवर पाळत ठेवावी लागेल, हे मान्य.

खरी अडचण कायद्याची आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली आक्रमक परकीय जातींची तरतूद आली, पण व्याख्या 'मूळची भारतातली नसलेली जात' अशी आहे. चितळ भारतातलंच, म्हणून अंदमानातही ते परकं ठरत नाही. मुख्य भूमीपासून हजार किलोमीटरवरचं बेट आणि ताडोबा कायद्याच्या लेखी एकच. ही व्याख्या बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं.

वर्षा_ऐरोली:
मग पकडून इकडे आणा ना. मध्य प्रदेशात नरसाळ्यासारखं कुंपण घालून चितळं थेट ट्रकमध्ये चढवतात, बोमा म्हणतात त्याला. वाघांच्या जंगलात नेऊन सोडतात.

घाणेरी_उपटा:
ते काही तासांच्या ट्रकच्या प्रवासाला चालतं. चितळ घाबरलं की स्नायू आखडून मरतं, पकडल्यावर चार दिवसांनीसुद्धा. चेन्नईपर्यंत दोन-तीन दिवस बोटीत कोंडून किती जगतील? आणि वाघाच्या तोंडी द्यायला आणणारच असू, तर नेमक्या गोळीपेक्षा ते दयाळू कसं?

वर्षा_ऐरोली:
वाघाच्या जंगलात त्याला पळायला जागा असते. बेटावर बंदुकीपुढे नसते. माझ्यासाठी हा फरक मोठा आहे.

येऊरकर:
हे तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. बोटीत किती दगावतात हे थोड्या चितळांवर आधी करून बघायला माझी तयारी आहे. पण तोवर पर्यटकांनी खाऊ घालणं तरी बंद व्हावं. रॉसवर कोरडा चारा संपल्यावरही कळप टिकतो तो आमच्यासारख्यांच्या हातातल्या खोबऱ्या-बिस्किटांवर. मुलीच्या हातात ते खोबरं मीच दिलं होतं.

वर्षा_ऐरोली:
खाऊ घालणं बंद, याला माझा पाठिंबा. गोळीला विरोध कायम.