डिस्क गोल्फ कोर्सवर खराटे, बाकं, डबे, घंटा: ठेवावं की नको?

चेनला_लागली

अमेरिकेतल्या पार्कांत डिस्क गोल्फ खेळणारे इथे बरेच दिसतात, म्हणून हा धागा. न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: सिमेंटच्या ओट्यावरून (टी पॅड, किंवा नुसती टी) फ्रिस्बीसारखी डिस्क फेकायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये घालायची, अशी साधारण १८ होल. पहिला कायमस्वरूपी कोर्स एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात आखला. तेव्हापासून बहुतेक कोर्स असेच आहेत: सरकारी पार्क, फुकट खेळ, ना काउंटर ना माळी. टी पॅड आणि बास्केट बसवून झाल्या की पैसेही संपतात आणि उत्साहही.

माझं म्हणणं असं की आणखी काही किरकोळ गोष्टी प्रत्येक कोर्सवर असायलाच हव्यात. झाडांखालच्या टींवर खराटा. टीच्या पाटीच्या खांबाला दोन हूक, म्हणजे पावसात बॅग चिखलात ठेवावी लागत नाही. जिथे मागे रांग लागते तिथे बाक. पार्किंगपाशी सापडलेल्या डिस्कसाठी पेटी, आणि नवख्यांना वापरायला दहाबारा डिस्क. समोरचं दिसत नाही अशा होलवर घंटा, पुढचा गट निघाला की वाजवायची. तीनचार कचऱ्याचे डबे. डबे सोडले तर बाकीचं सगळं क्लबच्या एका वर्षाच्या वर्गणीत बसतं. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

गोठलेला_फेअरवे

विरोध आहे. पाणपोई घालायला दहा हात पुढे येतात, रांजण घासायला एकही नाही.

आधी कचऱ्याचे डबे. नवव्या होलच्या रानातला डबा रिकामा कोण करणार? पार्क खात्याची गाडी रस्ता सोडून आत येत नाही, आणि भिजलेली कचऱ्याची पिशवी अर्धा मैल खांद्यावर वाहून नेणारा स्वयंसेवक दुसऱ्या महिन्यात फोन उचलेनासा होतो. ऑगस्ट-सप्टेंबरात सोड्याच्या कॅनवर गांधीलमाश्या जमतात. रात्री रॅकून झाकण उघडून सगळं फेअरवेवर, म्हणजे टी आणि बास्केटमधल्या पट्ट्यावर, पांगवतात. डबा भरला की लोक बाटल्या त्याच्या शेजारी मांडून ठेवतात, कारण "डबा आहे ना इथे". डबाच नसला तर तीच माणसं रिकामी बाटली बॅगेत घालून परत नेतात. ठेवायचेच असतील तर गाडी जिथे पोचते तिथेच ठेवा: एक पार्किंगला, आणि कोर्स रस्त्याला लागतो तिथे एक.

आता बाक. आमच्या मिनेसोटात बांधकामाच्या नियमांत दंवाची खोली दक्षिणेत ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच धरतात. दोन फुटांच्या खड्ड्यात सिमेंट ओतून बसवलेला बाक दोनतीन हिवाळ्यांत जमिनीने वर ढकललेला असतो, तोही एका बाजूने. मग पायाच्या सिमेंटचा गोळा उघडा पडतो आणि त्याला लोक ठेचकाळतात. असे वाकडे बाक प्रत्येक जुन्या कोर्सवर दिसतील. ज्यांनी बसवले ते गाव सोडून गेलेले असतात.

पटरताई

फेअरवेभाऊ, डब्यांचं पटलं. बाकाचं निम्मं पटलं. पुरलेला बाक नकोच, नुसता टेकवलेला करा. आल्डो लिओपोल्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा तिरक्या पायांचा फळ्यांचा बाक याच कामाचा आहे: दोन्ही पाय एकाच मापाने तिरके कापायचे, वर बसायची फळी, मागे टेकायची फळी, जोड बोल्टचे. पायांखाली सपाट फरशीचे तुकडे द्या, म्हणजे लाकूड ओल्या मातीला लागत नाही. दंवाने जमीन उचलली तर बाक थोडा डुगडुगतो, वसंतात सरळ करून ठेवायचा, एवढंच.

जागा मात्र नीट ठरवा. बाक टी पॅडच्या पुढच्या कडेच्या मागेच हवा. उजव्या हाताच्या बॅकहँडला (हात छातीसमोरून नेऊन केलेल्या फेकीला) डिस्क उशिरा सुटली तर ती थेट उजवीकडे जाते, लवकर सुटली तर डावीकडे. पॅडच्या बाजूला, सावली चांगली आहे म्हणून जरा पुढे ठेवलेला बाक म्हणजे ताशी ५०-६० मैलांच्या डिस्कसमोर मांडलेली खुर्ची. आणि बाकाभोवती दोनतीन फूट गवत कापलेलं राहील अशीच जागा निवडा. उंच गवताच्या टोकांवर गोचिडं वाट पाहत बसलेली असतात. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत आणि विस्कॉन्सिन-मिनेसोटात लाइम नावाचा आजार पसरवणारी तीच.

खराट्याला मात्र चैन म्हणू नका. बॅकहँड फेकताना पुढचा पाय टेकून त्यावर शरीर फिरतं. पायाखाली ओली पानं, ओकची फळं किंवा बारीक खडी असली तर पाय फिरण्याऐवजी सरकतो, नाहीतर अडकतो, आणि झटका गुडघ्याला बसतो. सिमेंट खरबरीत केलेलं असलं तरी वर पानांचा थर बसल्यावर त्याचा उपयोग उरत नाही. खराटा काड्यांचा नको, एका पावसाळी हंगामात कुजतो. प्लॅस्टिकच्या ताठ केसांचा, दहाबारा इंच रुंद, दांडा फायबरग्लासचा. दांड्याला वरून भोक पाडून हूकला टांगा. केस जमिनीला टेकले की ते एका बाजूला वळतात, मग तो नुसता पानं कुरवाळतो.

चेनला_लागली

चोरीचं काय? दोरीने बांधावा का?

पटरताई

दोरी नको. लांब ठेवली तर पॅडवर लोळते आणि धावत येणाऱ्याच्या पायात येते, आखूड ठेवली तर खराटा पॅडच्या पुढच्या टोकापर्यंत पोचत नाही. दांड्याला भडक रंग द्या आणि होलचा आकडा लिहा. नारिंगी दांड्यावर मोठा ७ लिहिलेला खराटा घरी न्यायची हौस फार थोड्यांना असते.

हूक झाडाला ठोकू नका. झाडाला जखम होते, आणि पुढे कधी ते कापायची वेळ आली तर करवतीची साखळी आतल्या लोखंडावर जाऊन आदळते. खांब प्रक्रिया केलेल्या लाकडाचा असेल तर साधे स्क्रू वापरू नका. हल्लीच्या त्या लाकडात तांब्याचे क्षार असतात, साधं पोलाद त्यात लवकर गंजतं. स्टेनलेस किंवा जाड गॅल्व्हनाइज्ड घ्या.

गोठलेला_फेअरवे

एक भर. खराटा असला की हिवाळ्यात लोक बर्फ झाडायला जातात. भुसभुशीत ताजा बर्फ निघतो, पायांनी दाबलेला निघत नाही. मग कोणीतरी मीठ आणून टाकतं. मिठाने सिमेंटचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि झाडांच्या मुळांनाही ते बाधतं. झाकणाच्या बादलीत कोरडी वाळू ठेवा आणि वसंतात ती झाडून काढा. म्हणजे बघा, एका खराट्यामागे एक बादली आलीच.

झाडात_अडकली

नवख्यांच्या डिस्कबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो: ठेवू नका. उघड्या पेटीतल्या डिस्क पहिल्याच शनिवार-रविवारी गायब होतात. चोरी म्हणा किंवा विसर म्हणा. वापरून झाल्या की लोक गाडीत टाकून निघून जातात, पेटी अठराव्या होलपासून लांब असली तर हमखास. नंतर पेटीत उरतो तो चिरलेला ड्रायव्हर (लांब फेकीची वेगवान डिस्क) आणि कुत्र्याने चावलेली फ्रिस्बी, आणि नवखा माणूस त्यानेच खेळ शिकतो. काही गावांच्या सार्वजनिक वाचनालयांत डिस्कचे संच पुस्तकांसारखे कार्डावर घरी नेता येतात. ती व्यवस्था बरी, निदान परतीची तारीख असते.

पटरताई

वाचनालय रविवारी दुपारी बंद असतं, आणि कुटुंब पार्कात येतं ते रविवारी दुपारीच. चुकतं कुठे ते सांगते. लोक नको असलेले ड्रायव्हर दान करतात. वेगवान ड्रायव्हर हळू हातातून सुटला की उजव्या हाताच्या बॅकहँडला लगेच डावीकडे कोसळतो, चार फेकींत मुलं कंटाळतात. पेटीत फक्त पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायच्या हळू डिस्क) आणि मिडरेंज (मधल्या अंतराच्या) ठेवा, १५० ते १६५ ग्रॅमच्या, स्वस्त साध्या प्लॅस्टिकच्या. बारा पुरेत. दोन्ही बाजूंना रंगाच्या मार्करने ठसठशीत "कोर्सची डिस्क" असं त्या गावच्या भाषेत लिहा. साधं मार्कर पेन घासून जातं. आणि पेटी अठराव्या बास्केटवरून गाडीकडे जाणाऱ्या वाटेवरच हवी. डिस्क जातीलच, महिन्याला तीनचार. तो खर्च धरून चाला.

भरपाई सापडलेल्या डिस्कच्या पेटीतून होते. ती मात्र उघडी नको, टपालपेटीसारखी हवी. डिस्क साधारण २१-२२ सेंटिमीटर रुंद असते, म्हणून फट २५ बाय ४ सेंटिमीटरची. आत तिरकी पट्टी, म्हणजे डिस्क खाली घसरते पण हात पोचत नाही. तळाला निचऱ्याची भोकं, नाहीतर पाणी साचून सगळ्या डिस्क शेवाळतात. कुलूप, आणि किल्ल्या दोघांकडे. आठवड्यातून एकदा उघडा, डिस्कच्या पाठीवर मालकाने लिहिलेल्या फोन नंबरला मेसेज करा. महिनाभर कोणी आलं नाही, किंवा नंबरच नसला, तर पटर आणि मिडरेंज नवख्यांच्या पेटीत. हा नियम पेटीवर लिहिलेला असला पाहिजे, नाहीतर "माझी डिस्क विकून खाल्ली" असे आरोप ठरलेले.

झाडात_अडकली

दोघांकडे किल्ल्या आणि आठवड्याला एक फेरी म्हणजे वर्षाला ५२ फेऱ्या. भांडण तिथेच आहे, ताई. वस्तू स्वस्त आहेत, माणूस मिळत नाही.

तळ्यात_गेली_टॅम्पा

यादीत नसलेली एक गोष्ट कोणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो: तळ्याकाठी डिस्क काढायची लांब काठी ठेवू नका, निदान फ्लोरिडात तरी. २०२२ मध्ये इथे जवळच लार्गोच्या पार्कात डिस्क शोधायला तळ्यात उतरलेला माणूस अ‍ॅलिगेटरच्या हल्ल्यात मेला. पोहण्याला मनाई असल्याची पाटी तिथे होती. काठी ठेवली की माणूस काठापर्यंत जातो, काठी दोन फूट कमी पडते आणि तो बूट काढतो. त्यापेक्षा तळ्याच्या अलीकडे ड्रॉप झोनची (डिस्क पाण्यात गेली तर पुढची फेक जिथून करायची त्या जागेची) खूण स्पष्ट करा, म्हणजे निदान खेळ पुढे सरकतो. बाकी खराटे वगैरे ठेवा हो, माझी हरकत नाही.

चेनला_लागली

काठी यादीत येणार नाही. घंटेवर मात्र मी अडून आहे. टेकाडापलीकडच्या होलवर पुढचा गट बास्केटपाशी आहे की गेला, हे टीवरून कळत नाही. "फोर!" (सांभाळा!) ओरडेपर्यंत डिस्क निघालेली असते.

घंटा विकत घ्यायची गरज नाही. दोन इंची, दोन फूट लांबीचा पोलादी पाइप टांगला तरी छान वाजतो. भोकं टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर, म्हणजे २४ इंचाला सव्वापाच-साडेपाच इंचांवर पाडा. तिथे पाइप कंपत नाही, त्यामुळे तारेने आवाज मरत नाही. लोक टोकाला भोक पाडतात आणि मग नुसता ठणका ऐकू येतो.

गोठलेला_फेअरवे

पाइपचं गणित बरोबर, भरवसा चूक. घंटा वाजली नाही याचे तीन अर्थ होतात: पुढे माणसं आहेत, पुढे कोणीच नव्हतं, किंवा वाजवायचं विसरले. मागचा गट पाच मिनिटं थांबतो आणि मग फेकतोच. वाजली तरी खात्री नाही. अर्धे लोक पट (बास्केटमध्ये टाकायची शेवटची फेक) मारून झाल्या झाल्या वाजवतात आणि मग बास्केटपाशी उभं राहून स्कोअर लिहितात. शिवाय पायवाटेने जाणारी पोरं वाजवतात ते वेगळंच. त्या फेकीला पुढे माणूस पाठवायची सवय लावा, नाहीतर टी सरकवा. समोरचं दिसत नाही असा होल सार्वजनिक पायवाटेजवळ असणं हीच आखणीची चूक आहे, ती घंटेने झाकू नका.

पटरताई

टी सरकवायला सिमेंट, परवानगी आणि वर्ष लागतं. तोपर्यंत काय? घंटेचा खांब बास्केटपाशी न लावता पुढच्या टीच्या वाटेवर, डिस्क पडते त्या पट्ट्याच्या बाहेर लावा. वाजवणारा तिथे पोचला म्हणजे बाहेर पडलेलाच असतो. खांबावर एकच ओळ: "शेवटच्याने वाजवा". टीवर दुसरी: "घंटा वाजली तरी पायवाट बघा". घर शंभर मीटरच्या आत असेल तर पाइप नको, लहान घंटा घ्या, नाहीतर तक्रार पार्क खात्याकडे जाते आणि घंटेबरोबर बाकंही उचलली जातात.

तळ्यात_गेली_टॅम्पा

त्यावरून आठवलं, हे सगळं पार्क खात्याच्या लेखी परवानगीशिवाय करू नका. बहुतेक राज्यांत फुकट खेळायला जमीन देणाऱ्या मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारे कायदे आहेत, पण तपशील राज्यागणिक बदलतो. आणि क्लबने स्वतःहून ठोकलेल्या बाकाची फळी मोडून कोणी पडलं तर उत्तर कोण देणार हे आधी ठरलेलं बरं. अर्जात वस्तूंची यादी, नकाशावरच्या जागा आणि देखभाल करणाऱ्या दोघांची नावं द्या. तिसरी गोष्ट नसली की अर्ज पडून राहतो.

चेनला_लागली

ठीक. डबे दोनच, तेही रस्त्यालगत. बाकं टेकवलेली, चार. खराटे पानगळीच्या सात टींवर. दोन्ही पेट्या राहू द्या. घंटा पुढच्या टीच्या वाटेवर.

झाडात_अडकली

आणि किल्ल्या कोणाकडे? ती दोन नावं लिहा, मग माझा विरोध मागे.