डम्प फसला तरी $? मध्ये ० का येतो?

प्रश्न (अंधेरी_पूर्व)
ऑफिसच्या उबुंटू २२.०४ सर्व्हरवर रोज रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) बॅकअपची स्क्रिप्ट चालते. मुख्य ओळ अशी, म्हणजे 'दुकान' डेटाबेसची प्रत (डम्प) काढून ती जीझिपने दाबायची:

पीजी_डम्प दुकान | जीझिप > दुकान.जीझेड

पुढच्याच ओळीत $? (मागच्या कमांडचा एक्झिट कोड, ० म्हणजे यश) शून्य नसेल तर मेल पाठवायचा. डेटाबेस बंद असला तरी मेल येत नाही, फक्त २० बाइटची फाइल उरते. 'सेट -ओ पाइपफेल' (पाइपमधली कुठलीही कमांड फसली की शून्य न देणारी सोय) लावलं तर टर्मिनलवर चालतं, क्रॉनमध्ये 'इल्लीगल ऑप्शन' येतं.

उत्तर (हार्बर_लाइन)
पाइपलाइनचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा कोड. तुमच्याकडे ती जीझिप आहे, आणि रिकामा इनपुट दाबून तिने आपलं काम नीट केलं. ते २० बाइट म्हणजे रिकामं जीझिप: हेडर १०, डेटा २, शेवटचे ८.

क्रॉन ओळ /बिन/एसएच ला देतो. उबुंटूत ते डॅश आहे, तुमचं टर्मिनल बॅश (दोन्ही शेल, म्हणजे कमांड चालवणारे प्रोग्राम). पाइपफेल पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक) २०२४ च्या आवृत्तीत आलं, २२.०४ मधला डॅश त्याआधीचा. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत #!/बिन/बॅश लिहा, पण क्रॉनटॅबमध्ये 'एसएच स्क्रिप्ट' असं बोलावत असाल तर ती ओळ नुसती टिप्पणी ठरते. फाइल एक्झिक्युटेबल करून थेट बोलवा.

खरा धोका मात्र > मध्ये आहे. डम्प पूर्ण होण्याआधीच कालची चांगली फाइल रिकामी होते! म्हणून डिस्कवर जागा असेल तर मी पाइप टाळायलाच सांगेन:

पीजी_डम्प -एफ नवा.एसक्यूएल दुकान && जीझिप -एफ नवा.एसक्यूएल && एमव्ही नवा.एसक्यूएल.जीझेड दुकान.जीझेड

हे डॅशमध्येही चालतं. $? ची तपासणी लगेच खाली ठेवा. मध्ये एक इको आला तरी $? इकोचा होतो.

उत्तर (दादर_टर्मिनल)
पाइपफेल लावणार असाल तर दोन ठिकाणी जपा. शेवटी 'हेड' (फक्त पहिल्या ओळी दाखवणारी कमांड) असेल आणि त्याने आधीच वाचणं थांबवलं, तर आधीची कमांड सिगपाइपने (पाइपला वाचणारा उरला नाही असा सिग्नल) मरून १४१ येऊ शकतो. तिथे बिघाड काहीच नसतो. आणि मजकूर शोधणाऱ्या ग्रेपचा १ म्हणजे 'सापडलं नाही', चूक १ च्या वरच्या कोडला. फाइलींची तुलना करणाऱ्या डिफचंही तसंच: १ म्हणजे फरक आहे.

प्रश्न (अंधेरी_पूर्व)
समजलं, पाइप काढतो. एका जुन्या स्क्रिप्टमध्ये 'एक्झिट -१' आहे आणि दुसरी कधीकधी १३७ देते. त्यांचं काय?

उत्तर (हार्बर_लाइन)
-१ काढून टाका. बॅश त्याचे २५५ करतो, डॅश 'इल्लीगल नंबर' म्हणत २ देऊन थांबतो. कोडचे खालचे ८ बिटच पुढे जातात, त्यामुळे चुकांची संख्या कोड म्हणून देणंही वाईट: २५६ चुका झाल्या की बॅशमधून ० बाहेर पडतो.

१३७ म्हणजे १२८ + ९, ९ क्रमांकाचा सिग्नल सिगकिल (सक्तीने मारणारा). बहुतेकदा मेमरी संपल्यावर कर्नलने मारलेलं असतं. त्या वेळेचं डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघा. सिग्नलने मेलेल्या कमांडच्या कोडबद्दल पॉझिक्स फक्त '१२८ पेक्षा मोठा' एवढंच सांगतं. सिग्नलच्या क्रमांकात बॅश आणि डॅश १२८ मिळवतात, केएसएच९३ हा शेल मात्र २५६ मिळवतो. स्क्रिप्ट तिथेही चालवायची असेल तर १३७ शी थेट तुलना करू नका, 'किल -एल $?' ला सिगनलचं नाव विचारा.