मदत हवी आहे: वस्तीपासून ८०० मीटरवर डिस्टिलरी येतेय, जनसुनावणीत हरकती कशा मांडाव्यात? (सोलापूर)

सीनाकाठ:
नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यात सीनेच्या काठच्या आमच्या गावाशेजारी साखर कारखान्याला जोडून मोलॅसिसवर (साखरेच्या मळीवर) चालणारी डिस्टिलरी, म्हणजे अल्कोहोल बनवणारा कारखाना, प्रस्तावित आहे, क्षमता रोज ६० किलोलिटर. जागा वस्तीच्या पूर्वेला, शेवटच्या घरापासून साधारण ८०० मीटर. मधून एक ओढा जातो आणि पुढे सीनेला मिळतो. ओढ्याच्या दोन्ही अंगांना विहिरी आणि बोअर मिळून ३१ आहेत, त्यात गावाची पिण्याच्या पाण्याची विहीरही आली.

पेपरात जनसुनावणीची नोटीस आली आहे, आजपासून २३ दिवस उरलेत. गावात दोन मतं आहेत. काहींना बहिष्कार टाकायचाय, बाकीचे म्हणतात "प्रकल्प नको" असं एकच निवेदन सगळ्यांच्या सह्यांनी देऊ. यातलं उपयोगी काय? प्रकल्पाचा पर्यावरण परिणामांचा अहवाल कुठे बघायला मिळतो, आणि त्यात नेमकं काय बघायचं? माहितीचा अधिकार टाकावा का?

बाराबंदी:
बहिष्कार अजिबात नको. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीला गणपूर्तीची अट नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. गोंधळ घालणं तर त्याहून वाईट. स्थानिक लोकांना मोकळेपणाने बोलता येत नाही असा अहवाल वर गेला, तर सुनावणीशिवायच पुढे जायची मुभा त्याच अधिसूचनेत आहे. म्हणजे आपली जागा आपणच सोडल्यासारखं होतं.

माहितीच्या अधिकाराला उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते आणि तुमच्या हातात २३ आहेत. अहवालासाठी त्याची गरजही नाही, तो लोकांना बघायला ठेवणं बंधनकारकच आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायत इथे मागा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूरच्या उपप्रादेशिक कार्यालयातही विचारा. मराठीत फक्त सारांश मिळतो, पूर्ण अहवाल इंग्रजीत असतो. सारांशावर थांबू नका, खरे आकडे पूर्ण अहवालातच असतात. "अहवाल अजून आला नाही" असं कुठे उत्तर मिळालं तर तारीख घालून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अहवाल बघायला मिळाला नाही ही स्वतःच एक भक्कम हरकत आहे. माहितीचा अधिकार वापरायचाच असेल तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून ग्रामपंचायतीने दिलेल्या ना हरकत दाखल्याची आणि त्यामागच्या ठरावाची नक्कल मागा. ती पुढे लागेल.

सह्यांचं निवेदन द्या, पण ती एकच हरकत धरली जाण्याची शक्यता फार. वेगवेगळ्या घरांनी वेगवेगळ्या मुद्द्यांवर दिलेल्या हरकतींना प्रकल्पवाल्याला अंतिम अहवालात एकेक करून उत्तर द्यावं लागतं. गावची जी मंडळी कामाला पुण्या-मुंबईला आहेत त्यांनीही लेखी पाठवावं.

जुना_बॉयलर:
अहवालात आधी स्पेंट वॉशचा, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा, हिशोब बघा. डिस्टिलरीचा सगळा त्रास तिथून सुरू होतो. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर कच्चं स्पेंट वॉश निघतं. ६० किलोलिटरला म्हणजे रोज ४८० ते ९०० घनमीटर. काळं, आम्लधर्मी पाणी, सीओडी (पाण्यातली घाण दाखवणारा आकडा) लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात. अहवालात लिटरमागे ८ च्या आतला आकडा दिसला तर तो कुठल्या पद्धतीने आला ते लेखी विचारा.

"शून्य विसर्ग" (सांडपाणी बाहेर अजिबात न सोडणं) म्हणजे नेमकं काय करणार तेही वाचा. बाष्पीभवन यंत्रणेत घट्ट करून बॉयलरमध्ये जाळणार, की प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात) मिसळून कंपोस्ट करणार? कंपोस्टचं काम पावसाळ्यात होत नाही, तेव्हा त्या महिन्यांत डिस्टिलरी बंद राहणार का, हे स्पष्ट लिहून हवं. जाळणार असतील तर बाष्पीभवन यंत्रणेच्या नळ्या चोंदतात, त्या धुवायला यंत्रणा थांबवावी लागते, बॉयलरही मधे बंद पडतो. आंबवणीच्या टाक्यांतला माल मात्र लगेच थांबत नाही, चालू बॅच पुढे २४ ते ३० तास येतच राहते. तेवढं स्पेंट वॉश ठेवणार कुठे? लगूनचं (सांडपाणी साठवायच्या तळ्याचं) माप शोधा आणि स्वतः गुणाकार करा.

दुसरं चिमणी. नियमातलं सूत्र सोपं आहे: ताशी सल्फर डायऑक्साइड किती किलो निघतो त्या आकड्याचा ०.३ घात, गुणिले १४, म्हणजे मीटरमध्ये किमान उंची. ताशी २ टन कोळसा आणि त्यात अर्धा टक्का गंधक असेल तर १० किलो गंधकाचा २० किलो सल्फर डायऑक्साइड होतो, उंची येते साधारण ३४ मीटर. पण स्पेंट वॉशमध्येही सल्फेट असतं. ते धरून आकडा ४० किलोवर गेला तर ४२ मीटर लागतील. हिशोबात फक्त कोळसा धरलाय का ते तपासा. आणि जागा होटगी रोड विमानतळाच्या टापूत येत असेल तर उंचीच्या परवानगीचाही प्रश्न आहे. सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ ला त्याच कारणाने पाडली, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको.

काळी_माती:
विहिरींचं मी सांगते. प्रकल्प यायच्या आधीचं पाणी कसं होतं याचा कागद तुमच्याकडे नसेल, तर पाणी बिघडल्यावर "ते आधीपासूनच तसं होतं" हे उत्तर ठरलेलं. म्हणून नमुने आत्ताच घ्या. ३१ च्या ३१ जमले नाहीत तरी चालेल. ओढ्याच्या खालच्या अंगाच्या ५-६, वरच्या अंगाची १ आणि पिण्याची विहीर एवढं पुरे.

मोटर ५ ते १० मिनिटं चालू ठेवा, मगच नमुना घ्या. दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. वर गट नंबर, तारीख, वेळ लिहा. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत विचारा, त्यांचा शिक्का असलेला अहवाल कुणी सहज नाकारत नाही. टीडीएस (विरघळलेले क्षार), क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट तर कराच, पण पोटॅशियम आणि सीओडी आवर्जून मागा. स्पेंट वॉशमध्ये पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे पुढे झिरपा झाला तर तोच आकडा आधी बोलतो.

आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळ काळा पाषाण. उन्हाळ्यात मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. "काळी माती अपार्य आहे" (म्हणजे पाणी झिरपू देत नाही) असं वाक्य अहवालात सापडलं तर मे महिन्यातल्या त्याच शेताचा फोटो हरकतीला जोडा.

वाऱ्याचंही बघा. वस्ती प्रकल्पाच्या पश्चिमेला आहे आणि गळीत हंगामात, हिवाळ्यात आपल्याकडे वारं पूर्वेकडून येतं. पहाटे हवा थंड आणि स्थिर असते, धूर आणि वास खालीच बसतो. हवेची मोजणी कुठल्या महिन्यांत केली ते बघा.

सीनाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. जिल्हा उद्योग केंद्रात अहवाल बघायला मिळाला. त्यातून टिपलेलं: स्पेंट वॉश रोज ६०० घनमीटर, बाष्पीभवन करून बॉयलरमध्ये जाळणार. लगून ४० × ३० मीटर, खोली ३ मीटर. हवेची मोजणी मार्च ते मे. ओढ्याचा उल्लेख "हंगामी कोरडा नाला" एवढाच, नकाशावर तो दाखवलेलाच नाही. हे हरकतीत कसं लिहायचं?

जुना_बॉयलर:
४० गुणिले ३० गुणिले ३ म्हणजे ३,६०० घनमीटर, तेही भिंती सरळ उभ्या धरल्या तर. उतार धरला की कमी. वरचा अर्धा मीटर मोकळा सोडायचा म्हटलं तर ३,००० च राहतात, रोज ६०० ने पाच दिवसांत लगून भरतं. त्यावर एका दिवसात १०० मिमी पाऊस पडला तर आणखी १२० घनमीटर, आजूबाजूचं वाहून येणारं पाणी वेगळंच. ऑक्टोबर २०२० चा पाऊस आणि सप्टेंबर २०२५ चा सीनेचा पूर जिल्ह्याने पाहिलाय, त्यामुळे हा मुद्दा कुणाला काल्पनिक म्हणता येणार नाही.

बाराबंदी:
लिहिताना प्रत्येक हरकतीत तीन गोष्टी ठेवा: अहवालातलं पान, त्यातली चूक, आणि तुमची मागणी. नमुना देतो:

"अहवालाच्या पान क्र. ... वर लगूनचं माप ४० × ३० × ३ मी. दिलं आहे. रोज ६०० घनमीटर स्पेंट वॉश धरल्यास बाष्पीभवन यंत्रणा बंद पडल्यापासून सुमारे पाच दिवसांत ते भरतं. लगूनपासून ... मीटरवर ओढा असून तो सीना नदीला मिळतो. हा ओढा पान क्र. ... वरील नकाशात दाखवलेला नाही. मागणी: ओढा नकाशावर दाखवून लगून भरून वाहिल्यास पाणी कुठे जाईल याचा अभ्यास करावा. बाष्पीभवन यंत्रणा बंद होताच मोलॅसिसचा पुरवठा आपोआप बंद होईल अशी व्यवस्था परवानगीची अट म्हणून घालावी."

वाऱ्याची हरकत वेगळ्या कागदावर. मोजणी मार्च ते मे, चालवणार मुख्यतः हिवाळ्यात, म्हणून हिवाळ्यातली मोजणी आणि सोलापूर वेधशाळेच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढलेली वाऱ्याची आकृती मागा.

सगळं दोन प्रतींत. एक प्रदूषण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात सुनावणीआधी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. सुनावणीत तेच वाचा, दोन-तीन मिनिटांत. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असावा लागतो आणि चित्रीकरण करणं सक्तीचं आहे. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात. लोक तोवर उठून गेलेले असतात, तुम्ही उठू नका. तुमचा मुद्दा "पाण्याबाबत चिंता व्यक्त केली" एवढ्यावर उरकला असेल तर तिथेच हात वर करून पान क्रमांकासह नोंद करून घ्या.

काळी_माती:
आणि पुढे परवानगी मिळालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे अपील करायला ३० दिवस असतात. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत. सुनावणी झाली की दर आठवड्याला परिवेश पोर्टलवर (पर्यावरण परवानग्यांच्या सरकारी संकेतस्थळावर) प्रकल्पाचं नाव टाकून बघत राहा. पोच असलेल्या प्रती आणि पाण्याचे अहवाल एका फायलीत लावून ग्रामपंचायतीत एक संच ठेवा, एक शाळेच्या कपाटात.

सीनाकाठ:
उद्या सकाळी सात नमुने घेतोय. पिण्याच्या विहिरीला मोटर नाही, पोहऱ्यानेच पाणी काढतात. तिथे काय करावं?

काळी_माती:
पोहरा धुऊन घ्या, पहिले दोन-तीन पोहरे ओतून द्या. वरच्या थरातलं पाणी येऊ नये म्हणून पोहरा मीटरभर खाली जाऊ द्या, मगच कॅन भरा. कॅनवर "पोहऱ्याने काढलेला" असं लिहायला विसरू नका.