शाळेतल्या मुलांकडून देशी झाडांची रोपं: बी गोळा करण्यापासून सुरुवात कशी करावी?

मावळतीचा_मास्तर

नमस्कार. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या, भरपूर पावसाच्या भागातली जिल्हा परिषदेची शाळा. पाचवी ते सातवीची ३० मुलं आहेत. जुलैत एक दिवस झाडं लावायची, फोटो काढायचे आणि पुढच्या एप्रिलला खड्डे रिकामे, हे यंदा नको आहे. मुलांनी स्वतः बी शोधावं, रोप वाढवावं आणि लावलेलं झाड जगवावं, अशी इच्छा आहे.

शाळेमागे साधारण २० बाय १० फूट जागा मिळेल. बोअरला मार्चपर्यंत पाणी असतं. पैसे जवळपास नाहीत. कोणती झाडं घ्यावीत, किती रोपं करावीत, मे महिन्याच्या सुट्टीत काय करायचं? गावातले काही जण म्हणतात सीडबॉल (माती-शेणाच्या गोळ्यात बी घालून ते माळरानावर टाकायचे) करा, सोपं आहे. करावेत का?

रोपवाटिका_भोर

सर, सीडबॉल नकोत. उघड्या कडक जमिनीवर पडलेलं बी पावसात उगवतं, पण पाऊस थांबेपर्यंत मूळ खोल गेलेलं नसतं. जे उरतं त्यावर शेळ्या फिरतात. मुख्य म्हणजे मुलाला आपल्या बीचं पुढे काय झालं ते कधीच कळत नाही, आणि तुम्हाला तर नेमकं तेच दाखवायचंय.

तीनच जाती घ्या: बहावा, करंज, जांभूळ. तिघांची बी तीन तऱ्हेची आहे, त्यामुळे शिकण्यासारखं भरपूर. बहाव्याच्या शेंगा आत्ता फेब्रुवारीत झाडावर काळ्या होऊन लोंबताहेत. करंजाच्या शेंगा मार्च-एप्रिलमध्ये तपकिरी झाल्या की घ्या. ही दोन्ही बियाणी कोरडी करून कापडी पिशवीत कडुनिंबाच्या पाल्यासोबत ठेवली की जूनपर्यंत टिकतात. जांभळाचं तसं नाही. ते बी वाळलं की मेलं. मुलांनी जांभळं खायची, बी धुवायचं आणि त्याच आठवड्यात पेरायचं. एका बीतून दोन-तीन कोंब येतात, त्यातला जोमदार ठेवा आणि बाकीचे कात्रीने कापा. उपटले तर ठेवलेल्याचीही मुळं हलतात.

मुलामागे ५ याप्रमाणे १५० पिशव्या पुरे. दुधाच्या एक लिटरच्या पिशव्या गावातून आजपासून जमवा. गरम पाण्याने धुवून वरचं तोंड पूर्ण कापायचं आणि खालच्या तिसऱ्या भागात ६ भोकं पाडायची. मिश्रण साधारण १२ घमेली लागेल: ६ माती, ३ शेणखत, ३ वाळू. काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते आणि कोवळी रोपं मातीलगत काळी पडून कोलमडतात. शेणखत वर्षभर मुरलेलंच हवं. ताजं शेण आत तापतं आणि मुळं भाजतात. खत चाळणीतून काढा. हुमणीच्या पांढऱ्या अळ्या हमखास सापडतील. त्या मुलांना हातात घेऊन बघू द्या, पण पिशवीत जाऊ देऊ नका.

पेरणी १५ जूननंतर, शाळा उघडली की. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, करंज आडवं ठेवून. उंदीर आणि खारी जांभळाच्या बिया उकरतात, म्हणून वर बोरीच्या फांद्या पसरा.

बीज_वेडी

बहाव्यावर थोडं थांबा, कारण सगळ्यात सुंदर प्रयोग तिथेच आहे.

एक शेंग फोडली की आत नाण्यांची चळत लावल्यासारखे पातळ पडदे दिसतात. दोन पडद्यांच्या मध्ये एक चपटं, तपकिरी, चकचकीत बी आणि सभोवती काळा चिकट मगज. एका शेंगेत ४० ते १०० बिया निघतात, म्हणजे दोन शेंगांत सगळ्या वर्गाचं काम होतं. मगज मुलांना चाटू देऊ नका, तो जुलाबाचं औषध आहे.

या बीचं कवच इतकं कडक की तसंच पेरलं तर काही बिया कितीतरी महिने पडून राहतात. २०-२० बियांचे तीन गट करा. पहिला तसाच. दुसऱ्यावर उकळतं पाणी ओतून रात्रभर त्याच पाण्यात ठेवा (पाणी गुरुजींनी ओतायचं). तिसऱ्या गटातल्या बीला नेलकटरने कडेला बारीकशी खाच पाडा, टोकदार बाजू सोडून, कारण कोंब तिथून येतो. मग रात्रभर साध्या पाण्यात. सकाळी खाच पाडलेलं बी फुगून मऊ झालेलं दिसतं. जे फुगलं नाही त्यात पाणी शिरलेलं नाही, त्याला पुन्हा खाच पाडा.

तिन्ही गट वेगळ्या ओळींत पेरून रोज सकाळी किती उगवले ते मुलांनीच लिहायचं. शेकडेवारीचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

बी गोळा करायला जाल तेव्हा तीन गोष्टी आधी दाखवून ठेवा. खाजकुयलीच्या शेंगा या दिवसांत वाळलेल्या असतात, नुसती लव उडाली तरी अंग पेटतं. लाल-काळ्या गुंजा पोरं खिशात टाकतात, त्या चावल्या तर विषारी. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्याही तशाच. आणि बी रस्त्याकडेच्या किंवा बांधावरच्या झाडाचं घ्या. राखीव जंगलात वनरक्षकांना विचारल्याशिवाय नको, देवराईत गावाला विचारल्याशिवाय नको.

मावळतीचा_मास्तर

फार उपयोगी. नेलकटरची युक्ती सोमवारीच करून बघतो. पण पाण्याचं कोडं राहिलंच. पेरणी यंदा जूनमध्ये म्हणजे लागवड पुढच्या जुलैत, मध्ये एक अख्खा उन्हाळा. शाळा बंद, बोअर आटलेला.

रोपवाटिका_भोर

उन्हाळ्यात अशा पिशवीला दिवसाला साधारण १५० मिलिलिटर पाणी पुरतं. १५० पिशव्यांना २२-२३ लिटर, म्हणजे रोज दोन बादल्या. शाळेत तेवढंही नसेल तर १ मेच्या आधी प्रत्येक मुलाने आपल्या ५ पिशव्या घरी न्याव्यात आणि मोरीजवळ सावलीत ठेवाव्यात. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं किंवा तेलकट नाही. जूनमध्ये किती परत आली ते फळ्यावर लिहा. एखाद्याची पाचही मेली तर रागावू नका, का मेली ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘जास्त पाणी’ असतं.

शाळा चालू असतानाही हाच घोटाळा होतो: प्रत्येक जण येता-जाता एक तांब्या ओततो. पाळी लावा. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालायचं आणि ओल लागली तर पाणी द्यायचं नाही, एवढा एकच नियम ठेवा.

ऑगस्टपासून दर तीन-चार आठवड्यांनी पिशव्या उचलून जागा बदला. नाहीतर मुळं भोकांतून जमिनीत उतरतात आणि लागवडीच्या दिवशी तुटतात.

लावायची मात्र ३०च. मुलामागे एक. बाकी जगलेली रोपं बांधावर लावायला गावात वाटून टाका. खड्डे दीड फूट लांब, रुंद, खोल, मे महिन्यात खणून तापू द्यायचे. दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावायचं. पिशवी ओढून काढायची नाही, ब्लेडने उभी चिरायची, आणि तळाशी गोल गुंडाळलेली मुळं दिसली तर तेवढी कापायची. नोव्हेंबरपासून आठवड्याला ५ लिटर पाणी, बुंध्यापासून वीतभर सोडून वाळल्या गवताचं आच्छादन, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. करंजाला जनावरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून गुरांच्या वाटेवर करंज लावा.

माळावरची_वाट

इथे वाचणारे सगळे पावसाच्या पट्ट्यातले नसतील, म्हणून लिहिते. बारामती, दौंड, करमाळा, सोलापूर या बाजूच्या शाळांनी माळावर खड्डे खणू नयेत. माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी यांना मोकळं गवतच लागतं. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी आहे, आणि सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी झालं. तिथे झाडं वाढवणं म्हणजे त्यांचं घर मोडणं.

अशा शाळेने गवत मोजावं. चार काठ्या आणि सुतळी घेऊन एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन करा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गवताला तुरे आल्यावर, चराईच्या भागात ५ आणि चराईबंद भागात ५ ठिकाणी ठेवा. प्रत्येक चौकोनात किती तऱ्हेची गवतं, सर्वांत उंच कोणतं, उघडी माती किती, एवढंच लिहा. मारवेल आणि पवना गावातले गुराखी ओळखून देतील. त्यांना वर्गात बोलवा, या विषयात त्यांचं ज्ञान पुस्तकापेक्षा पक्कं असतं.

कुसळी गवताचं एक वाळलं कुसळ (शेपटी असलेलं टोकदार बी) प्रत्येक मुलाच्या तळहातावर ठेवा आणि वर पाण्याचा एक थेंब टाका. पिळलेली शेपटी सुटू लागते आणि कुसळ हातावर गोल फिरतं. पाऊस पडला की याच फिरण्याने ते बी स्वतःला मातीत रुतवतं. तेच कुसळ मोज्यात गेलं तर पायात रुततं, म्हणून त्या दिवशी मुलांना मोजे घालू नका म्हणावं.