सोडवून दाखवलेली उदाहरणे कुठवर द्यावीत?

गणितातील उदाहरणे पायरीपायरीने सोडवून दाखवली, तर किशोरवयीन मुले स्वतः विचार करणे सोडून देतात, असा एक आक्षेप घेतला जातो; तो मला अर्धाच पटतो. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर या संशोधकांच्या १९८५ मधील बीजगणितावरच्या प्रयोगांत असे दिसले की, नवशिक्या विद्यार्थ्यांनी अशी उदाहरणे अभ्यासली, तर त्याच धर्तीची पुढची उदाहरणे ते अधिक लवकर आणि कमी चुका करून सोडवतात. कारण वाट चाचपडण्यातच कार्यकारी स्मृती (म्हणजे विचार करताना एका वेळी थोड्याच गोष्टी मनात धरून ठेवणारी स्मृती) खर्ची पडली, तर रीत मनात रुजायला जागा उरत नाही. मात्र रीत अंगवळणी पडलेल्या मुलाला तेच स्पष्टीकरण पुन्हा वाचायला लावणे हा उलट भारच ठरतो, आणि एकाच वर्गात दोन्ही प्रकारची मुले बसलेली असतात, ही खरी अडचण आहे. म्हणून आधी पूर्ण उदाहरण, मग शेवटची पायरी गाळलेले, त्यानंतर शेवटच्या दोन पायऱ्या गाळलेले, असा क्रम मला योग्य वाटतो; कोण नेमका कुठे अडखळतो, हेही त्या गाळलेल्या जागीच कळते. भूमितीत आकृती एकीकडे आणि कोनांची मापे दुसरीकडे, अशी विभागणी तर टाळावीच, कारण दोन्ही जुळवण्यातही तीच स्मृती खर्ची पडते; मापे आकृतीतच लिहावीत.