अहवाल २४ पानी, कागद किती?

सचिव: सभेचा अहवाल २४ पानांचा झालाय. ४० छापील प्रती हव्यात, म्हणजे ९६० कागद! एका कागदावर जास्त पानं बसवायची सोय असते ना? कुणी सांगेल का?

बी-३०२: काका, वर्ड की पीडीएफ?

सचिव: पीडीएफ. अॅडोबी रीडरमध्ये उघडलीय.

बी-३०२: प्रिंट दिलं की साइझ, पोस्टर, मल्टिपल, बुकलेट अशी बटणं दिसतील. मल्टिपल दाबा आणि 'पेजेस पर शीट' २ करा.

सी-१०१: दोन कशाला, चार करा. पाठपोट काढलं तर तीन कागदांत अख्खा अहवाल 😎

ए-५०४: आणि भिंग कोण देणार? मागचा ताळेबंद असाच बारीक छापला होता. ३ कुठला नि ८ कुठला, कळेना.

बी-३०२: काकूंचं बरोबर आहे. चार पानं घेतली की १२ पॉइंटचं अक्षर ६ वर येतं. दोन घेतली तर ७१ टक्के, म्हणजे साडेआठच्या आसपास. ए४ मधोमध दुमडला की ए५ होतो, लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, म्हणून दोन पानं अगदी चपखल बसतात. एका बाजूवर तीन पानं बसवायच्या नादी लागूच नका.

सी-१०१: मोबाइलवर मला हा ऑप्शनच दिसत नाहीये.

बी-३०२: कंप्युटरवर क्रोममध्ये उघड. प्रिंट, मग 'मोअर सेटिंग्ज'.

सचिव: एक प्रत काढली. पुढची बाजू झकास, पण कागद उलटला की मागचा मजकूर शीर्षासनात 😐

बी-३०२: 'फ्लिप ऑन लाँग एज' असेल, 'शॉर्ट एज' करा. दोन पानं शेजारी बसवली की कागद आडवा होतो, मग पुस्तकासारखा उलटताना आखूड कडेवरच उलटतो.

सचिव: जमलं!! पण ताळेबंदाचे आकडे मलाही दिसेनात.

बी-३०२: मग दोन खेपांत काढा. पान १ ते २० मल्टिपलमध्ये पाठपोट, ५ कागद. २१ ते २४ ताळेबंद, तो 'साइझ'मध्ये पूर्ण आकारात पाठपोट, २ कागद. एका प्रतीला ७, चाळीस प्रतींना २८०. 'कोलेट'वर टिक ठेवा, म्हणजे एकेक प्रत क्रमाने पूर्ण निघेल, नाहीतर गठ्ठे लावत बसाल. आणि आधी एकच प्रत हं!

सचिव: एकच काढली. काकूंकडे पाठवलीय तपासायला.

ए-५०४: मिळाली. छान वाचता येतंय. पान २२ वर बेरीज चुकलीय.

सचिव: 🙏 उरलेल्या ३९ थांबवतो.